भ्याडही नव्हे, हुतात्माही नव्हे

(नाशिक येथे विहारांच्या कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या विषयावर बोलण्याचे मी योजिले आहे तो सभेत बोलण्याचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. जमीन, शिष्यवृत्ती, राखीव जागा, अत्याचार या प्रश्नांवर आपण सभा भरवितो, ठराव करितो, मोर्चे काढतो. परंतु वस्तीतील एखादा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचे आयुष्य संपवितो तेव्हा आपण काय करितो? जलदान विधीला जातो, त्रिसरण-पंचशील म्हणतो, आणि परत येताना एकमेकांच्या कानांत कुजबुजतो, ‘हिंमत हरला बिचारा!’ त्यानंतर त्या घराचे दार आपण पुन्हा ठोठावत नाही. ही त्या घराची खाजगी गोष्ट आहे, अशी आपण आपल्या मनाची समजूत घालून घेतो. मला ही समजूत मान्य नाही. आत्महत्येचा प्रश्न हा खाजगी नाही. तो हक्कांचा प्रश्न आहे आणि तो संघटनेचा प्रश्न आहे, हे मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातील होती. त्या वर्षी इतका मोठा आकडा दुसऱ्या कोणत्याही राज्याचा नव्हता. या देशभरच्या मृतांत चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसे रोजंदारीवर जगणारी होती. हे रोजंदार कोण, हे नाशिककरांस सांगावयास नको. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली राबणारा कामगार, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीस जाणारी बाई, लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहणारा हमाल, ही सर्व याच वर्गातली माणसे आहेत.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. त्याच वर्षी शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी जीव दिला. त्यांत जमीन कसणारे शेतकरी ५,२०७ होते आणि शेतमजूर ६,०८३ होते. म्हणजे मजूर अधिक मेले. तरीसुद्धा सर्वत्र शब्द वापरला जातो तो ‘शेतकरी आत्महत्या’ हाच. शेतकऱ्याच्या दुःखाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. कांद्याचा भाव पडला की त्याच्या घरात काय होते हे या जिल्ह्याला ठाऊक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. शासनाने २००६ साली अशा कुटुंबाला एक लाख रुपये मदत देण्याचा निर्णय केला, परंतु त्यासाठी कुटुंबाच्या नावे जमीन पाहिजे आणि कर्ज थकलेले पाहिजे. ज्याच्या नावाचा सातबाराच नाही त्याच्या विधवेने कोणता कागद दाखवावा? २०१५ साली शासनाने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला व आशा कार्यकर्तीला घरोघर जाऊन खचलेल्या माणसांचा शोध घेण्यास सांगितले. काम उत्तम होते. परंतु ते विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांपुरते योजिले गेले. नाशिक त्या यादीत नव्हते. यावरून एवढेच ध्यानात घ्या की भूमिहीन माणूस जगताना मोजला जात नाही आणि मेल्यावरही मोजला जात नाही. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले ते याच मोजणीत त्याचे नाव यावे म्हणून.

आता कारणांकडे वळू. माणूस का खचतो? कोणी म्हणतो कर्जाने, कोणी म्हणतो दारूने, कोणी म्हणतो नापास झाल्याने, कोणी म्हणतो घरातील भांडणाने. ही सर्व कारणे खरी आहेत. मनाचा आजार हेही एक कारण आहे आणि तो ताप-खोकल्यासारखाच आजार आहे. परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. सारखेच कर्ज दहा घरांवर असते, नऊ घरे तग धरतात आणि एक कोसळते. त्या एका घरात आणखी काय असते? माझे उत्तर असे आहे की त्या घरात बहुधा एकटेपण असते. दुःखाने माणूस वाकतो. हे दुःख कोणाला सांगता येणार नाही, सांगितले तर लाज जाईल, अशी खात्री झाली म्हणजे तो मोडतो.

याचे प्रत्यंतर याच शहराने दिले आहे. २ मार्च १९३० रोजी येथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो सुमारे पाच वर्षे चालला. सत्याग्रह्यांनी दगड खाल्ले, तुरुंगवास भोगला. त्यांच्या मुलांना शाळांतून काढले, त्यांचे रस्ते अडविले, दुकानदारांनी त्यांना माल देण्याचे नाकारले. अपमान काही कमी नव्हता. मग ती माणसे टिकली कशी? ती टिकली कारण तो अपमान कोणा एकट्याचा नव्हता. तो सर्वांनी मिळून सोसला आणि त्याला सर्वांनी मिळून नाव दिले. एकत्र सोसलेल्या अपमानातून चळवळ उभी राहते. एकट्याने गिळलेला अपमान माणसाला आतून खातो. आज आपला मुलगा दूरच्या वसतिगृहात एकटा आहे, आपली मुलगी दवाखान्याच्या पाळीत एकटी आहे, आपला मजूर ठेकेदारापुढे एकटा आहे. बहिष्कार आता गावाच्या वेशीवर उभा राहून पुकारला जात नाही. तो वर्गात, भोजनगृहात आणि कचेरीत चोरपावलांनी येतो. त्या वेळी जो आधार आपोआप मिळत होता तो आज मुद्दाम उभारावा लागेल.

असा आधार उभारण्याच्या आड आपले दोन शब्द येतात.

पहिला शब्द ‘भ्याड’. आपली चळवळ लढणाऱ्यांची आहे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते योग्यच आहे. पण त्याचा एक विपरीत अर्थ आपण काढला. लढणाऱ्याने रडता कामा नये, आपण बाबासाहेबांचे अनुयायी आहोत तेव्हा खचणे आपणांस शोभत नाही, असे आपण मानू लागलो. परिणाम असा होतो की ज्याला मदतीची सर्वांत जास्त निकड असते तोच तोंड मिटून बसतो. मी आपणांस विचारतो, बडोद्याचा प्रसंग आपण विसरलात काय? १९१७ साली परदेशात विद्या संपादन करून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यातील पारशी धर्मशाळेतून केवळ जातीमुळे बाहेर काढण्यात आले. नोकरी संस्थानाची, विद्वत्ता जगाने मान्य केलेली, आणि राहावयास एक खोली नाही. आपण त्या वेळी ढसढसा रडलो हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्यांनी कोट्यवधींना ताठ मानेने उभे केले त्यांना ते अश्रू लपवावेसे वाटले नाहीत. मग वस्तीतील एखादा तरुण ‘मला आता सहन होत नाही’ असे म्हणाला तर त्याला भ्याड म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? तो भ्याड नाही. त्याच्यावर ओझे फार आहे आणि ते उचलू लागणारे हात कमी आहेत.

दुसरा शब्द ‘हुतात्मा’. हा शब्द आपण प्रेमाने व संतापाने वापरतो, म्हणून त्याबद्दल बोलणे अधिक कठीण आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. ती जळगाव जिल्ह्यातील आदिवासी घरातली मुलगी. तिचे महाविद्यालय ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेले होते त्याचे मुख्यालय आपल्या याच नाशकात आहे. तिच्या घरच्यांनी जातीवरून छळ झाल्याचा आरोप केला व प्रकरण न्यायालयात गेले. अशा मृत्यूंना आपण संस्थांनी केलेल्या हत्या म्हणतो. त्या मागचा संताप मी जाणतो. ज्यांनी माणसाला कोपऱ्यात ढकलले त्यांचा जाब विचारलाच पाहिजे. परंतु जाब विचारणे निराळे आणि मरणाला हार घालणे निराळे. व्यासपीठावरून आपण जेव्हा म्हणतो की त्याने मरून समाजाला जागे केले, तेव्हा मागच्या रांगेत बसलेला, तितकाच अपमानित झालेला दुसरा एखादा विद्यार्थी ते ऐकत असतो. त्याच्या कानांत काय पडते याचा विचार करा. जगून आपले कोणी ऐकले नाही, मेल्यावर ऐकतील, हाच धडा तो घेऊन जाईल. असा धडा देणे हा घोर अपराध आहे.

या बाबतीत धम्माची भूमिका अगदी स्पष्ट आहे. विनयपिटकात वैशालीची हकीकत आहे. देहाच्या अशुभतेचे चिंतन करता करता काही भिक्षूंना जगण्याचीच शिसारी आली व त्यांनी मरण जवळ केले. पंधरवड्याचा एकांतवास संपवून तथागत परतले तेव्हा त्यांना संघ विरळ दिसला. त्यांनी आनंदाला कारण विचारले. सर्व कळल्यावर त्यांनी भिक्षूंना एकत्र बोलाविले आणि श्वासावर चित्त स्थिर करण्याची निराळी साधना शिकविली. म्हणजे जी शिकवण माणसाला जगण्यापासून दूर नेत होती तिच्या जागी जगण्यात स्थिर करणारी शिकवण दिली. मरणाची स्तुती करून कोणास मरणास प्रवृत्त करणारा भिक्षू संघात राहू शकत नाही, असा कडक नियमही विनयात आहे. स्तुतीनेही माणूस मारता येतो, हे ज्यांनी इतक्या पूर्वी ओळखले त्यांचे आपण अनुयायी आहोत. रोहितच्या व पायलच्या माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या इतर आयांची मुले वाचावीत म्हणून. आपल्या तरुणांना आदर्श दाखवावयाचा असेल तर या जिवंत माणसांचा दाखवा.

आता करावयाचे काय? हे काम डॉक्टरांचे आहे, आपल्याला त्यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. डॉक्टर पाहिजेतच. पण डॉक्टरापर्यंत माणूस पोहोचण्यापूर्वीचा रस्ता आपल्या दारावरून जातो. महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसविल्या गेलेल्या विधवेपुढे त्या काळी दोनच वाटा होत्या, मुलाचा जीव घेणे किंवा आपला जीव देणे. फुले दांपत्याने तिला प्रवचन केले नाही. येथे ये, गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत हो, मूल आम्ही सांभाळू, एवढेच त्यांनी जाहीर केले. दोष न देणे, गुपित राखणे आणि प्रत्यक्ष मदत करणे या तीन गोष्टींवर ते गृह उभे होते. आज जगभर संकटातील माणसाला आधार देणाऱ्या ज्या संस्था चालतात त्या याच तीन पायांवर चालतात.

अलीकडचा दाखला हवा असेल तर तोही महाराष्ट्रातच आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबविला गेला. गावातल्याच सामान्य कार्यकर्त्यांना शिक्षण देण्यात आले. त्यांनी घरोघर बोलणे सुरू केले, खचलेल्यांना धीर दिला व गरज असेल त्यास डॉक्टरकडे नेले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी आधी शंभरात केवळ ४ जणांना मदत मिळत होती, ती नंतर २७ जणांना मिळू लागली. वर्षभरात मरणाचे विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे काम मोठ्या इमारतींनी केले नाही. गावच्या माणसांनी केले.

म्हणून प्रत्येक विहाराने निदान चार माणसे या कामासाठी निवडावीत, दोन स्त्रिया व दोन पुरुष. ती बोलकी नसली तरी चालतील. ऐकून घेणारी व गुपित राखणारी पाहिजेत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे जाऊन त्यांच्या शिक्षणाची मागणी करा. त्यांनी काय करावे ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, ओळखणे. ‘मी गेलो तर तुमची सुटका होईल’, ‘आता फार दिवस त्रास देणार नाही’ असे बोलणे हलक्यावारी नेऊ नका. जो सर्वांशी बोलणे तोडतो, आवडीच्या वस्तू वाटून टाकतो, उगाच निरोप घेत फिरतो, त्याच्याकडे त्याच दिवशी जा. बोलणारा करीत नाही, ही समजूत साफ चुकीची आहे.

दुसरी गोष्ट, विचारणे. आडवळणाने नव्हे, सरळ विचारा, ‘दादा, जीव नकोसा झाला आहे का? जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो असे लोक समजतात. तसे होत नाही. उलट कोणीतरी विचारले यानेच त्याचे अर्धे ओझे उतरते. त्यानंतर आपण गप्प बसून ऐकावे. उपदेश करू नये, लेकराबाळांची शपथ घालू नये, ‘इतरांचे दुःख तुझ्याहून मोठे आहे’ असे सुनावू नये.

तिसरी गोष्ट, सोबत. त्याचे मन मरणाकडे झुकले आहे असे दिसले तर त्याला एक क्षणही एकटे सोडू नका व अपाय करणारी वस्तू जवळ राहू देऊ नका. शेतातल्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो आणि ते घरात ठेवतो. ते घरात नको, कुलपात व दुसऱ्याच्या ताब्यात असू द्या. निर्वाणीचा तो आवेग पुष्कळदा काही तासांचा असतो, तो ओसरेपर्यंत अंतर राखले तर माणूस वाचतो. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण जगातल्या सर्वाधिकांपैकी होते. अत्यंत जहरी कीटकनाशकांवर तेथे बंदी आणली गेली आणि पुढील दोन दशकांत ते प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले.

चौथी गोष्ट, उपचार. १४४१६ हा क्रमांक आपल्या विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. ही ‘टेलिमानस’ नावाची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तेथे रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतून बोलता येते. त्याला केवळ पत्ता देऊन मोकळे होऊ नका. त्याच्याबरोबर रुग्णालयाच्या रांगेत उभे राहा.

पाचवी गोष्ट, पाठपुरावा. जो मरणाच्या दारातून परत आला त्याला पुढले महिने सर्वांत जपावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो यांसह पाच देशांतील पाच ठिकाणी एक प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी काहींना दीड वर्षात नऊ वेळा भेटून किंवा दूरध्वनी करून ‘कसे आहात’ एवढे विचारण्यात आले. ज्यांना असे विचारले गेले त्यांच्यात आत्महत्येने झालेले मृत्यू, ज्यांना विचारले नाही त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी आढळले. नऊ भेटींना किती पैसे लागतात? आणि जे घर माणूस गमावून बसले आहे तेथेही असेच जात राहा. त्या विधवेला, त्या मुलांना समाजाने दुसऱ्यांदा टाकू नये.

आता कायदा. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाखाली गुन्हा होता. आधीच मोडलेल्या माणसाला पोलिसांचे भय होते, म्हणून घरचे लोक खरे सांगत नसत. मुंबईच्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली ते कलम घटनाविरोधी ठरविले होते, परंतु १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ते वैध मानले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने सांगितले की असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेच नाही. एखाद्या लोकसेवकाला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा अडविण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र अजून गुन्हा आहे. तेव्हा रुग्णालयात खरे सांगण्यास भिऊ नका. त्याच २०१७ च्या कायद्याने मनाच्या आजारावरील उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला तो विनामूल्य मिळावयास हवा. ही भीक नाही. मागून घ्या.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पोटाला अन्न नाही, डोक्यावर कर्ज आहे, वर्गात जात विचारली जाते, तेथे नुसते ऐकून काय होणार? नुसते ऐकून भागणार नाही, हे मी मान्य करतो. म्हणूनच मी या कामाला हक्कांचे काम म्हणतो. ऐकल्यावर कळेल की बाईला हप्तेवाल्याच्या शिवीगाळीने झोप नाही. मग तिला सांगा की रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लहान कर्जांचे सारे हप्ते मिळून घरच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत व वसुलीसाठी छळ करता येत नाही, आणि तिच्याबरोबर तक्रार द्यावयास जा. ऐकल्यावर कळेल की जमीन बिनपरवाना सावकाराने लिहून घेतली आहे. मग २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करा. ऐकल्यावर कळेल की मुलाचा वसतिगृहात जातीवरून छळ होतो. मग अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या हाती आहे. ज्याचे आपण ऐकलेच नाही त्याचा हक्क आपण कसा मागणार? आणि ज्याचा हक्क मागावयाचा तो जिवंत पाहिजे.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्षू आपल्याच घाणीत पडून होता. तथागतांनी त्याला विचारले, तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही? तो म्हणाला, मी संघाच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून. तथागतांनी स्वतः पाणी घातले, आनंदाच्या मदतीने त्याला धुतले, उचलून खाटेवर निजविले, आणि मग भिक्षूंना बजावले की येथे तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? जो खचतो त्याच्या मनात नेमके त्या भिक्षूचेच उत्तर असते. मी कोणाच्या उपयोगाचा नाही, हेच तो दिवसरात्र घोकत असतो. ते खोटे आहे, हे त्याला केवळ तोंडाने सांगून पटणार नाही. आपल्या येण्याजाण्याने पटेल.

आपल्यापैकी जे हे ऐकत आहेत आणि जे पुढे वाचतील, त्यांत एखादा असा असेल की ज्याच्या मनात आज हाच विचार आहे. त्याला मी एवढेच सांगतो, तुझे दुःख खरे आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आज, आत्ता, कोणा एकाला ते सांग. बाकीच्यांना माझी विनंती आहे की तो एक माणूस आपण व्हावे. येत्या रविवारच्या वंदनेनंतर दार बंद करण्यापूर्वी आपल्या विहारातील चार नावे ठरवा, आणि गेल्या महिन्याभरात वंदनेला येईनासे झालेल्यांची यादी करून त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जा.

जय भीम!